अमावास्या-पौर्णिमेला हवा बिघडते का?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका आंबा बागायतदारांनी असा प्रश्न विचारला आहे: "आमच्या घरात वडिलांच्या काळापासून मानतात की हवा अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासच बिघडते. पाऊसही हटकून त्याच दिवसांत येतो. म्हणून मोहोरावरची फवारणी आम्ही तिथी पाहून करतो. या समजुतीला हवामानशास्त्रात काही आधार आहे का?"

हवामानाच्या नोंदी घेण्यात आणि पुढे त्या तपासण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या आधारावर उत्तर द्यायचे तर असे की, चंद्राचा वातावरणावर परिणाम होतो, तो मोजताही आला आहे, परंतु तो इतका बारीक आहे की त्यावरून उद्या पाऊस पडेल की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. समुद्राची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि कोकणात ही समजूत इतकी घट्ट का रुजली याचे निम्मे उत्तर मला समुद्रातच सापडते.

आधी प्रकाशाचा मुद्दा उरकून घेऊ, कारण त्यात फारसे काही नाही. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला कितीही लखलखीत वाटला तरी सूर्याच्या तुलनेत तो सुमारे चार लाख पटींनी मंद असतो. त्याच्यापासून येणाऱ्या उष्णतेचा काही माग लागतो का, हे १९९५ मध्ये दोन अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांनी, बॉलिंग आणि सर्व्हेनी यांनी, उपग्रहांनी मोजलेल्या जागतिक तापमानावरून तपासले. तेव्हा पौर्णिमेच्या सुमारास खालच्या वातावरणाचे तापमान अमावास्येपेक्षा सुमारे ०.०२ अंश सेल्सिअसने जास्त भरले. हा फरक साऱ्या पृथ्वीची सरासरी काढल्यावर दिसणारा आहे. आपल्या अंगणातल्या तापमापकावर तो कधीच दिसणार नाही.

राहिले गुरुत्वाकर्षण, आणि लोकांच्या मनात बहुधा हाच तर्क असतो की चंद्र जर एवढा समुद्र उचलतो, तर हलकीफुलकी हवा त्याने का उचलू नये. तर्क चुकीचा नाही. फ्रान्समध्ये गणितज्ञ लाप्लास यांनी ब्रेस्ट बंदरातील वायुदाबाच्या नोंदींमध्ये चंद्राची ही भरती शोधून पाहिली होती, पण त्या अक्षांशावर ती इतकी क्षीण असते की त्यांच्या हाती खात्रीचे काही लागले नाही. पुढे १८४७ मध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी सेंट हेलेना या उष्ण कटिबंधातील बेटावरच्या नोंदींतून ती वेगळी करून दाखवली. म्हणजे हवेला भरती-ओहोटी असते, हे सिद्ध होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली.

आता तिचा आकार पाहा. विषुववृत्ताच्या आसपासही चंद्रामुळे होणारा वायुदाबाचा चढ-उतार ०.१ हेक्टोपास्कलच्या (हे वायुदाब मोजण्याचे एकक) आतच राहतो. हा आकडा कागदावर काही सांगत नाही, म्हणून आमच्याकडे नव्याने येणाऱ्या निरीक्षकांना मी एक गोष्ट करायला लावत असे: चांगल्या प्रतीचा वायुदाबमापक आधी जमिनीवर ठेवायचा, आकडा लिहायचा, मग तोच उचलून मेजावर ठेवायचा आणि पुन्हा आकडा लिहायचा. त्या दोन आकड्यांत जो फरक येतो, साधारण तेवढाच फरक चंद्र आपल्या डोक्यावर येऊन गेल्याने पडतो. माळ्यावर चढणारा माणूस याच्या तिप्पट-चौपट बदल अनुभवतो आणि त्याला ते कळतही नाही. सूर्याच्या उष्णतेमुळे तर आपल्याकडे वायुदाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. हा रोजचा चढ-उतार तीनेक हेक्टोपास्कलचा असतो. वेधशाळेत काम करणाऱ्याला तो इतका अंगवळणी पडलेला असतो की दुपारी वायुदाब उतरलेला पाहून तो वादळाची शंका घेत नाही. या लाटेपुढे चंद्राची लाट कुठच्या कुठे विरून जाते, आणि ती बाहेर काढायची तर वर्षानुवर्षांच्या, तासातासाच्या नोंदींची सरासरी काढावी लागते.

समुद्र चार-साडेचार मीटर चढतो आणि हवेत इतकेच का, असे कोणी विचारील. मुंबईला दिसणारी उंच भरती ही एकट्या चंद्राची करामत नाही. खुल्या महासागरात भरतीचा फुगवटा मीटरभराच्या आतबाहेरच असतो आणि तो उथळ सागरमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कमी खोल समुद्रतळावर, आखातांच्या निमुळत्या तोंडांशी येऊन उंचावतो. हवेला असे काठ नाहीत. शिवाय चंद्राची भरती आणणारी ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकीच असते.

इतक्या क्षीण ओढीचा पावसावर माग लागतो का? लागतो, आणि हा शोध अलीकडचा आहे. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील कोह्यामा आणि वॉलेस यांनी उष्ण कटिबंधातील पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाच्या १५ वर्षांच्या नोंदी चाळल्या. त्यांना आढळले की चंद्र माथ्यावर किंवा बरोबर पायाखाली, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडे, असतो तेव्हा वायुदाब किंचित वाढतो, त्यामुळे हवा किंचित तापते, तापल्याने तिची सापेक्ष आर्द्रता किंचित घटते आणि पाऊस किंचित कमी पडतो. या सगळ्या "किंचित"ची बेरीज पावसाच्या सुमारे एक टक्का भरते. प्रश्नकर्त्यांनी यातली एक मेख लक्षात घ्यावी. हा परिणाम चंद्र आकाशात कोठे आहे यावर ठरतो. तो किती मोठा दिसतो यावर नाही. चंद्र तर रोजच माथ्यावरून जातो, कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी. कला बदलली की फक्त त्या क्षणाचे घड्याळ बदलते, आणि दिवसभराच्या पावसाच्या बेरजेत हा फरक बहुतांशी पुसला जातो. शिवाय गंमत अशी की परिणामाची दिशाही लोकसमजुतीच्या उलट आहे: चंद्र माथ्यावर आला की पाऊस वाढत नाही, घटतो.

कलांशी थेट नाते सांगणारे संशोधनही झालेले आहे, आणि ते लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. १९६२ मध्ये एकाच नियतकालिकात दोन लेख आले. एकात अमेरिकेतील १,५४४ केंद्रांच्या १९०० ते १९४९ या काळातल्या नोंदी होत्या आणि दुसऱ्यात न्यूझीलंडमधील ५० केंद्रांच्या. अमावास्या आणि पौर्णिमा उलटल्यावर काही दिवसांनी, अमेरिकेच्या नोंदींत विशेषतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, जोरदार पावसाचे प्रमाण जास्त असल्याचे दोन्हींत दिसले. हे लेख विनोदाने घेण्याजोगे नव्हते. आकडेमोड चोख होती. पण साठ वर्षांत त्यातून अंदाजाची एकही कामाची रीत निघाली नाही, कारण हजारो पावसांच्या सरासरीत दिसणारा कल एखाद्या विशिष्ट गावातल्या विशिष्ट दिवसाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता वडिलांच्या अनुभवाकडे येऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या "आसपास" या शब्दात किती दिवस बसतात, ते आधी मोजावे. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. तिथीच्या आधीचे दोन दिवस, तिथीचा दिवस आणि नंतरचे दोन दिवस धरले तर दोन तिथींचे मिळून दहा दिवस होतात, म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश भाग. कोणी अष्टमीही त्यात धरतो, आणि दोन्ही पक्षांतल्या अष्टम्या धरल्या की वीस दिवस, म्हणजे दोन तृतीयांश महिना व्यापला जातो. अशा जाळ्यात मासा न सापडला तरच नवल! जुलैत तर कोकणात बहुतेक दिवस पावसाचेच असतात, तेव्हा कोणत्या तिथीला पाऊस आला नाही हेच शोधावे लागेल. मोहोराच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारीत, गोष्ट थोडी वेगळी असते. तेव्हा उत्तर भारतावरून एकामागून एक पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाळ-पावसाळी प्रणाली, सरकत असतात, महिन्यातून चार-पाच वेळा सहज, आणि त्यांच्या दक्षिणेकडच्या टोकामुळे किंवा अरबी समुद्रावरून ओढल्या गेलेल्या बाष्पामुळे आपल्याकडे मळभ येते. आठवड्या-दीड आठवड्याने येणारे मळभ कोणत्या ना कोणत्या कलेच्या जवळ पडणारच. त्यातच मोसमी पावसाला स्वतःचा असा १० ते २० दिवसांचा एक हेलकावा आहे. पाऊस जोर धरतो, मग उघडीप पडते, मग पुन्हा जोर धरतो. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचे अंतर पावणेपंधरा दिवसांचे. दोन हेलकावे एका मोसमात दोन-तीन वेळा जुळून आले की माणसाची खात्री पटते, पुढे ते सुटतात तेव्हा कोणी लिहून ठेवत नाही.

एक दिवस जवळून पाहू. २६ जुलै २००५. त्या वर्षीची गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती, म्हणजे हा पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस, अगदी १९६२ च्या लेखांत सांगितलेल्या टप्प्यातला. सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. चंद्राचा पक्ष घेणाऱ्याला याहून मोठा पुरावा कोठे मिळणार? पण त्याच २४ तासांत, तेथून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याच्या पर्जन्यमापकात सुमारे ७३ मिलिमीटर पाणी होते. दोन्ही ठिकाणांवर चंद्र एकच, त्याची कला एकच, त्याची ओढही एकच. चंद्राची कला एका वेळी साऱ्या पृथ्वीवर सारखीच असते, आणि पाऊस तर एका शहराच्या दोन टोकांनाही सारखा नसतो. मला विचाराल तर साऱ्या आकडेवारीपेक्षा हे दोन पर्जन्यमापक जास्त बोलके आहेत.

त्या दिवशी चंद्राने काही केलेच नाही, असे मात्र नाही. कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवसाला हाच हिशेब लावला तर पावणेचार ते साडेचार ही वेळ येते. आणि २६ जुलैला दुपारी चारच्या सुमारास साधारण साडेचार मीटरची भरती होती, ऐन पाऊस कोसळत असताना. मुंबईच्या पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या अनेक नाल्यांची तोंडे उंच भरतीच्या पातळीखाली जातात. अशा वेळी पाण्याला बाहेर वाट राहत नाही, उलट समुद्र आत येऊ नये म्हणून दारे लावावी लागतात. पाऊस चंद्राने पाडला नाही, पण पडलेले पाणी काही तास शहरात अडवून धरण्यात त्याचा हात होता. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस मुंबईत आधीच जाहीर होतात ते याचसाठी, आणि ते बहुतेक अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पडतात, कारण उधाण तिथीच्या थोडे मागाहून येते. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती त्या मानाने बुटकी असते.

खाडीकाठच्या शेतकऱ्याने उधाणाच्या दिवसांत बांध फुटताना, खारे पाणी शेतात शिरताना आणि ओहोळ तुंबताना पाहिलेले असते. पाऊस तेवढाच पडला तरी त्या दिवशी तो जास्त वाटतो, कारण पाणी हटत नाही. "पौर्णिमेचा पाऊस वाईट" असे जर कोणी खाडीकाठी म्हणत असेल, तर मी त्याला खोडून काढणार नाही. हीच म्हण डोंगराळ भागात सांगितली तर तिला काही अर्थ उरत नाही.

चक्रीवादळांच्या बाबतीतही नेमके हेच दिसते. कोकणाला अलीकडे हादरवणारी तीन वादळे घ्या. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला उत्तर कोकणात आले तेव्हा वद्य अष्टमी नुकतीच उलटून गेली होती. निसर्ग ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर धडकले, ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईसमोरून गुजरातकडे गेले, ते अमावास्येनंतरच्या सहाव्या दिवशी. या तिघांत कलेची काही संगती मला लावता येत नाही. संगती आहे ती तापलेल्या अरबी समुद्राची. पण त्याच वर्षी बंगालच्या उपसागरातले यास वादळ २६ मे रोजी ओडिशात बालेश्वरजवळ किनाऱ्यावर चढले, तेव्हा बुद्धपौर्णिमा होती आणि खग्रास चंद्रग्रहणही होते. वादळाने लोटलेले पाणी उधाणाच्या पाण्यावर चढले आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर बांध ओलांडून आत गेले. वादळ चंद्रामुळे आले नाही, पण ते भांगाच्या दिवशी आले असते तर पाणी इतके आत आले नसते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण "आपल्या पूर्वजांनी पावसाचे गणित चंद्रावर बसवले होते" हे वाक्य मला दर जूनमध्ये ऐकावे लागते. महाराष्ट्रातला शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरणी ठरवतो ती मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नक्षत्रे चंद्राची नव्हेत, सूर्याची आहेत. सूर्य दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारासच मृगात शिरतो आणि तेरा-चौदा दिवसांनी पुढच्या नक्षत्रात जातो. तिथी मात्र सरकत राहतात: आषाढी एकादशी २०२१ मध्ये २० जुलैला होती आणि २०२३ मध्ये २९ जूनला. पाऊस जर तिथीने चालत असता तर मोसमी पावसाचे आगमनही असेच तीन-तीन आठवडे मागेपुढे झाले असते. जुन्या माणसांनी हे ओळखले होते, म्हणून "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" ही म्हण सूर्याच्या स्वातीची आहे. चंद्र येतो तो नक्षत्राच्या वाहनात. बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर ही वाहने काढताना सूर्यनक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंतचे अंतर मोजून त्याला ९ ने भागतात. हे गणित आहे, निरीक्षण नाही; ते गाव बदलले तरी बदलत नाही.

वराहमिहिराने मात्र चंद्राला खरेच मध्यभागी बसवले होते. मेघांचा गर्भ ज्या चंद्रनक्षत्री धरतो, त्याच नक्षत्री १९५ दिवसांनी त्याचा प्रसव, म्हणजे पाऊस, होतो आणि शुक्ल पक्षातला गर्भ कृष्ण पक्षात प्रसवतो, असे तो सांगतो. हे दिवस तिथींच्या हिशेबात मोजले तर १९५ तिथी म्हणजे बरोबर साडेसहा चांद्रमास, सुमारे १९२ दिवस. आणि चंद्राला नक्षत्रचक्राच्या सात फेऱ्या करायला लागतात १९१ दिवस. म्हणून पक्ष उलटतो आणि नक्षत्र तेच राहते. गणित म्हणून मला हे फार देखणे वाटते. पण पौषातले ढग आणि आषाढातला पाऊस यांना जोडणारी कोणतीही भौतिक साखळी वातावरणात नाही. ढगातले बाष्प आठ-दहा दिवसांत पावसावाटे खाली येऊन गेलेले असते.

चंद्राकडे पाहून हवेचा थोडाफार अंदाज घेता येतो, तो त्याच्या खळ्यावरून, म्हणजे त्याच्याभोवती दिसणाऱ्या कड्यावरून. हात पूर्ण ताणून वीत पसरली आणि अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवले, तर मोठे खळे साधारण करंगळीच्या टोकाशी येते. हे खळे सहा-सात किलोमीटरहून उंच असलेल्या विरळ ढगांतील बर्फाच्या स्फटिकांमुळे पडते, आणि असे ढग अनेकदा येणाऱ्या पावसाळी प्रणालीच्या पुढे पसरतात. चंद्राला चिकटून दिसणारे छोटे रंगीत वलय निराळे. ते खालच्या ढगांतल्या पाण्याच्या थेंबांमुळे दिसते. दोन्हींत चंद्र केवळ दिव्याचे काम करतो. दिवा पौर्णिमेच्या आगेमागे मोठा असतो म्हणून खळी तेव्हाच नजरेस पडतात. अमावास्येलाही तेच ढग असतात, फक्त ते कोणाला दिसत नाहीत. कोजागरीच्या रात्रीचा गारवाही असाच. पाऊस परतलेला असतो, आकाश निरभ्र असते, जमिनीची उष्णता रात्रभर अडथळ्याविना वर निघून जाते आणि दव पडते. चांदणे आणि गारवा ही दोन्ही निरभ्र आकाशाची लेकरे आहेत, एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

फवारणीपुरते सांगायचे तर भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी निघणारा कृषी सल्ला हे तिथीपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत. तरीही घरातली समजूत तपासून पाहायची असेल, तर एक वही घाला. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहा. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी असेल तर तो पावसाचा दिवस, ही हवामान विभागाची व्याख्या आहे. मोहोराच्या दिवसांत मळभ आहे की नाही, तेही लिहा. तिथी त्या वेळी लिहू नका. ती मोसम संपल्यावर पंचांगातून उतरवा, म्हणजे नोंद करताना मन तिच्याकडे ओढले जाणार नाही. मग अमावास्या-पौर्णिमेचे दहा दिवस आणि उरलेले साडेएकोणीस दिवस यांतले पावसाचे व मळभाचे दिवस वेगळे मोजा. कोरडे दिवस लिहायला विसरू नका, सगळा निकाल त्यांच्यावरच ठरतो. असे निदान पाच मोसम तरी करा, कारण एका-दोन मोसमांत नाणे उडवले तरी काही ना काही संगती दिसतेच. आणि बाग खाडीला लागून असेल, तर त्याच वहीत भरतीच्या उंचीचाही एक रकाना ठेवा.